संगणकाचा मेंदू बदलला, तर आजीची गोष्ट पुसली जाते का?



आपल्या शनिवारच्या वर्गाचा काळा लॅपटॉप तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. थिंकपॅड टी-४४०पी हे त्याचे नाव. २०१४ साली वर्गाच्या निधीतून तो घेतला. तेव्हापासून स्नेहसंमेलनाचे चित्रण, नाटुकल्यांचे संगीत आणि भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांच्या गोष्टींचे ध्वनिमुद्रण असे सगळे त्याच्यावरच होते. त्या गोष्टी सांगणाऱ्यांपैकी दोन आज्या आता आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज मात्र त्या काळ्या पेटीत आहे.

मागच्या स्नेहसंमेलनानंतर हा लॅपटॉप फारच रेंगाळू लागला. सुरू केला की चहा करून, पिऊन, कप विसळून यावे, तेव्हा कुठे तो तयार असे. पालकसभेत चर्चा झाली. कोणी म्हणाले, नवा घ्या. कोणी म्हणाले, निधीत तेवढे पैसे नाहीत. मग एक काका म्हणाले, "याचा प्रोसेसर बदलता येईल. म्हणजे संगणकाचा मेंदूच नवा!"

त्यावर लहान गटातल्या एका मुलीने विचारले, "काका, मेंदू बदलला तर आजीची गोष्ट तो विसरेल ना?"

सभेत कोणी हसले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. मोठ्या गटातली पाच मुले आणि दोन पालक असे आम्ही सात जण त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला बसलो. तेच उत्तर हा आजचा पाठ.

प्रोसेसर म्हणजे मेंदू नव्हे, आचारी

पुस्तकांत प्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणतात. शब्द सोपा आहे, पण थोडा फसवा आहे. आपला मेंदू विचारही करतो आणि आठवणही ठेवतो. प्रोसेसर मात्र आठवण ठेवत नाही. वीज बंद झाली की त्याची पाटी कोरी.

म्हणून आपण दुसरी उपमा घेऊ. लग्नघरातला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. तिथे एक कोठीची खोली असते. तांदूळ, डाळी, गूळ, सगळे सामान तिथे असते आणि रात्री दिवे मालवले तरी ते तिथेच राहते. संगणकातली डिस्क म्हणजे ही कोठी. आजीच्या गोष्टी या कोठीत आहेत.

मग असतो ओटा. आत्ता जे शिजवायचे तेवढेच सामान ओट्यावर काढून ठेवतात. काम संपले की ओटा पुसून स्वच्छ. ही झाली मेमरी, म्हणजे रॅम.

आणि सामान घेऊन भराभर चिरणारा, ढवळणारा, तळणारा असतो तो आचारी. तो म्हणजे प्रोसेसर. त्याच्या अगदी हाताशी एक मिसळणाचा डबाही असतो, म्हणजे मोहरीसाठी त्याला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागत नाही. प्रोसेसरच्या आतल्या या लहानशा साठ्याला कॅश म्हणतात. (पैशांची कॅश वेगळी, बरं का!)

आता सांगा, आचारी बदलला तर कोठीतला तांदूळ नाहीसा होईल का? नाही. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले: प्रोसेसर बदलल्याने आजीची गोष्ट पुसली जात नाही.

पण दुसरे उत्तरही लक्षात ठेवा. कोठीला कधी उंदीर लागेल, छत कधी गळेल, हे कोणी सांगू शकत नाही. दहा-बारा वर्षांची फिरती डिस्क कोणत्याही दिवशी बंद पडू शकते. म्हणून आम्ही स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी सगळ्या ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती केल्या. एक बाहेरच्या डिस्कवर ठेवली आणि दुसरी एका पालकांच्या घरी. हे काम खरे तर वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते. ते आम्ही केले नव्हते, ही आमची चूक.

आधी निदान, मग औषध

डॉक्टर आल्याआल्या औषध देत नाहीत. आधी नाडी बघतात. संगणकालाही नाडी असते. कोण किती कामात आहे हे दाखवणारी एक खिडकी उघडता येते. विंडोजमध्ये तिला टास्क मॅनेजर म्हणतात, लिनक्स मिंटमध्ये सिस्टिम मॉनिटर.

आम्ही लॅपटॉप सुरू करून त्या खिडकीत पाहिले. काय दिसले? डिस्क सतत १०० टक्के कामात आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा! म्हणजे आचारी हात बांधून उभा आणि कोठीतून सामान येण्याची वाट बघतो आहे, अशी गत. अशा वेळी कितीही चलाख आचारी आणला तरी पंगत उशिराच बसणार.

म्हणून पहिले औषध दिले ते डिस्कला. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी घातली. एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे हवे ते सामान ताबडतोब सापडते. मेमरी ४ जीबी होती, ती ८ केली. लॅपटॉप सुरू व्हायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागत असे. आता अर्ध्या मिनिटात होऊ लागला.

त्याच वेळी आम्ही विंडोज १० काढून लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली. पालकांसाठी इथे एक सूचना. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आपला लॅपटॉप चौथ्या पिढीचा. त्यात त्याच पिढीचा कितीही चांगला प्रोसेसर बसवला तरी तो या यादीत जात नाही. "प्रोसेसर बदलला की नवे विंडोज चालेल" असे कोणी सांगितले, तर आधी पिढी विचारा.

मग प्रोसेसरचे काय? स्नेहसंमेलनाची फिल्म तयार करायला लावली आणि पुन्हा खिडकी उघडली. या खेपेला डिस्क निवांत होती आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर, तोही शेवटपर्यंत. या कामाला १ तास ४० मिनिटे लागली. आता मात्र आचारीच कमी पडत होते. निदान पक्के झाले.

दोन हात की चार हात?

आपल्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-५ ४३००एम हा प्रोसेसर होता. त्यात दोन कोर आहेत. कोर म्हणजे एकेक स्वतंत्र आचारीच समजा. त्यांचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २६० कोटी ठोके. मिसळणाचा डबा, म्हणजे कॅश, ३ एमबीचा.

आम्ही निवडला तो आय-७ ४७०२एमक्यू. त्यात चार कोर आहेत. मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ, कॅश ६ एमबी.

"अहो, पण हा वेग तर कमी आहे!" असे आमच्यातल्या एकाने लगेच म्हटले. बरोबर आहे. पण विचार करा: दोन जणी भराभर पोळ्या करताहेत आणि दुसरीकडे चार जणी किंचित सावकाश पोळ्या करताहेत. शंभर पोळ्या कोणाकडे आधी होतील? चार जणींकडे. मात्र एकच पोळी करायची असेल, तर चार जणींचा उपयोग नाही. एकाच पोळीवर चार लाटणी चालत नाहीत.

फिल्म तयार करणे हे शंभर पोळ्यांचे काम आहे. ते वाटून देता येते. पत्र टाइप करणे हे एका पोळीचे काम आहे. म्हणून नवा प्रोसेसर घेण्याआधी आपले काम कोणत्या जातीचे आहे ते पाहावे.

काम वाटून देण्याच्या या युक्तीत एक गंमत आहे, आणि तिचा आपल्या दोन्ही देशांशी संबंध आहे. १९८०च्या दशकात भारताला अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळाला नाही. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर न वापरता त्यात ६४ लहान प्रोसेसरांना काम वाटून दिले होते. हे प्रोसेसर होते ट्रान्सप्युटर जातीचे, आणि ते बनवणारी इन्मॉस कंपनी कुठली? आपल्या इथल्या ब्रिस्टलची! पुण्यातल्या यंत्रात इंग्लंडचे आचारी होते, असे म्हणा ना.

बसेल का? चार कसोट्या

प्रत्येक चप्पल प्रत्येक पायात जात नाही. तसाच प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक लॅपटॉपमध्ये बसत नाही. आम्ही चार गोष्टी तपासल्या.

१. खोबण. प्रोसेसर खोबणीत बसवलेला आहे की पाटीवर डाख देऊन पक्का केला आहे? खोबणीला आपण सॉकेट म्हणतो. इंटेलच्या चौथ्या पिढीत नावाच्या शेवटी एम किंवा एमक्यू असेल तर तो खोबणीतला, आणि यू किंवा एचक्यू असेल तर डाख दिलेला. डाख दिलेला असेल तर घरी हात लावू नये. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपसाठीचे इंटेलचे प्रोसेसर डाख दिलेलेच येऊ लागले. म्हणून तुमच्या घरी अलीकडचा पातळ लॅपटॉप असेल, तर बहुधा हा प्रयोग त्यावर करता येणार नाही. फ्रेमवर्कसारख्या काही लॅपटॉपमध्ये सगळी मुख्य पाटीच प्रोसेसरसकट बदलता येते, पण तो प्रकार वेगळा.

२. पिढी. खोबण सारखी दिसली तरी पिढी जुळली पाहिजे. आपले दोन्ही प्रोसेसर चौथ्या पिढीचे आहेत.

३. उष्णता. प्रोसेसर किती तापतो ते वॅटमध्ये सांगतात. लॅपटॉपचा पंखा आणि तांब्याची नळी ठरावीक उष्णताच बाहेर टाकू शकतात. चार कोरचे बरेच प्रोसेसर ४७ वॅटचे असतात. आपला जुना ३७ वॅटचा होता. आम्ही ४७०२एमक्यू निवडला तो याच कारणाने. चार कोर असूनही तोही ३७ वॅटचाच आहे.

४. बायोस. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागी होणारी आज्ञावली म्हणजे बायोस. तिने नव्या प्रोसेसरला ओळखले पाहिजे. हे मॉडेल चार कोरच्या प्रोसेसरसहही विकले जात होते, त्यामुळे मुख्य पाटीला चार कोर चालतात याची खात्री होती. तरीही जुना प्रोसेसर आत असतानाच आम्ही बायोस अद्ययावत करून घेतला.

चारही कसोट्या पार झाल्यावर वापरलेला प्रोसेसर ३० पौंडांना घेतला.

प्रत्यक्ष कृती

मुलांनो, हे काम मोठ्या माणसांशिवाय करायचे नाही. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबायचे. तिला टोचायचे नाही, दाबायचे नाही.

चार्जर काढला. बॅटरी काढली. उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले. अंगावरची स्थिर वीज उतरवण्यासाठी सर्वांनी धातूच्या वस्तूला हात लावला. लोकरीचे स्वेटर आधीच काढून ठेवले होते.

मागचे मोठे झाकण दोन स्क्रूंनी धरलेले असते. ते काढले की पंखा आणि तांब्याची नळी दिसते. मोठ्या गटातल्या एका मुलीने आतले सगळे कागदावर काढून घेतले, कोणता स्क्रू कुठला आणि कोणती वायर कुठे जाते ते. आम्हांला तेव्हा वाटले, फोनने फोटो काढला की झाले, चित्र कशाला? या चित्राची गोष्ट पुढे येईल.

काढलेले स्क्रू अंड्यांच्या खोक्याच्या खळग्यांत क्रमाने ठेवले. नळीचे स्क्रू एकेक पूर्ण न काढता सगळे थोडे थोडे सैल केले. पंख्याची वायर सोडवली आणि पंखा नळीसकट उचलला.

खाली प्रोसेसर दिसला. मधोमध चकचकीत आयत आणि त्याच्यावर वाळलेली करडी पेस्ट. हा आयत म्हणजे खुद्द सिलिकॉन. त्याचा कोपरा दाबला गेला तर टवका उडतो, म्हणून त्याला जपावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि तंतू न सुटणाऱ्या फडक्याने पेस्ट पुसली.

खोबणीच्या कडेला एक स्क्रू असतो. तो साधारण अर्धा फिरवला की प्रोसेसर मोकळा होतो. मग तो सरळ वर उचलायचा. त्याच्या पोटाला सुमारे साडेनऊशे बारीक पिना असतात. तिरका ओढला तर त्या वाकतात.

नवा प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण खोबणीवरच्या खुणेशी जुळवला. जुळला की प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसतो. इथे जोर लावायचा नाही. बसत नसेल तर आपलेच काही चुकले आहे असे समजावे आणि उचलून पुन्हा पाहावे. मग स्क्रू फिरवून पक्का केला. सिलिकॉनवर तांदळाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवली. ही पेस्ट प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधल्या सूक्ष्म फटी भरते, म्हणजे उष्णता अडत नाही. नळी बसवली. तिचे स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने आवळले.

झाकण लावले, बॅटरी बसवली आणि बटण दाबले.

पडद्यावर पंख्याच्या बिघाडाची सूचना आली आणि लॅपटॉप बंद पडला.

पुन्हा बटण दाबले. पुन्हा तेच. कोणी काही बोलेना. ३० पौंड तर गेलेच, पण वर्गाचा लॅपटॉपही आपण मोडला, असे आम्हां सातही जणांना वाटले. तेवढ्यात ती चित्र काढणारी मुलगी म्हणाली, "माझ्या चित्रात पंख्यापासून एक वायर पाटीकडे जाते. आपण ती परत लावली का?"

लावली नव्हती! फोटो आमच्याकडेही होता, पण आम्ही तो पाहिलाच नव्हता. तिने चित्र हाताने काढले होते, म्हणून ती वायर तिच्या लक्षात होती. बॅटरी काढली, झाकण उघडले, वायर लावली. या खेपेला पंखा फिरला आणि पडदा उजळला. बायोसमध्ये नव्या प्रोसेसरचे नाव दिसले.

काय बदलले, काय नाही

तीच फिल्म पुन्हा तयार करायला लावली. १ तास ४० मिनिटांऐवजी १ तास २ मिनिटे लागली. लक्षात घ्या, हात दुप्पट झाले म्हणून वेळ निम्मा झाला नाही. प्रत्येक हात थोडा सावकाश आहे, आणि काम वाटायला, पुन्हा गोळा करायलाही वेळ लागतो.

पत्र टाइप करणे, चित्र उघडणे, भारतात व्हिडिओवर बोलणे यांत मात्र काहीच फरक जाणवला नाही. तो फरक आधीच पडला होता, एसएसडीने. आम्ही आधी निदान केले नसते आणि नुसताच प्रोसेसर बदलला असता, तर लॅपटॉप पूर्वीसारखाच रेंगाळत उठला असता, आणि आम्ही "पैसे वाया गेले" म्हणून त्याला टाकून दिले असते.

आणि आजीची गोष्ट? सर्वांत शेवटी आम्ही तीच लावली. तो प्रश्न विचारणारी मुलगी समोर बसली होती. आजीचा आवाज आला, मध्ये नेहमीचा खोकलाही आला. मुलगी म्हणाली, "सगळं आहे." आम्ही तिला सांगितले, आहे ते नव्या आचाऱ्यामुळे नाही. कोठी शाबूत आहे म्हणून आहे, आणि आता आणखी दोन कोठ्या आहेत म्हणून ते यापुढेही राहील.

पालकहो, या आठवड्यात प्रोसेसर बदलू नका हवे तर. पण घरातल्या आवाजांची एक प्रत जरूर करून ठेवा.

शब्दार्थ

खोबण – एखादी वस्तू नेमकी बसावी म्हणून केलेली पोकळ जागा
निदान – आजाराचे किंवा बिघाडाचे खरे कारण ओळखणे
कोठी – धान्य व सामान साठवण्याची खोली
मिसळणाचा डबा – मोहरी, हळद, जिरे इत्यादी ठेवण्याचा खणांचा डबा
डाख देणे – धातू वितळवून जोड पक्का करणे
शाबूत – न मोडलेले, सुरक्षित

स्वाध्याय

१. 'बसणे' या क्रियापदाचे अर्थ पुढील वाक्यांत कसे बदलतात ते घरी आईबाबांना विचारून लिहा: प्रोसेसर खोबणीत बसला. आजीचा घसा बसला. माझा त्याच्यावर विश्वास बसला. पंगत उशिरा बसली.

२. तो, ती की ते? डिस्क, प्रोसेसर, पंखा, मेमरी, वायर, बटण. प्रत्येक शब्दाचे एक वाक्य करा.

३. पुढील कामे 'एका पोळीची' की 'शंभर पोळ्यांची' ते ठरवा आणि कारण द्या: (अ) एक पत्र टाइप करणे, (आ) पाचशे फोटो लहान करणे, (इ) स्नेहसंमेलनाची फिल्म तयार करणे.

४. पालकांबरोबर करा: घरातल्या संगणकात किंवा फोनमध्ये आजी-आजोबांचा आवाज कुठे आहे ते शोधा. त्याच्या प्रती किती आहेत? उत्तर 'एक' असेल, तर पुढच्या शनिवारी वर्गात या. आपण मिळून दुसरी करू.